पत्रकावरचे शशिकांतराव

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या दारांतल्या लेटरबॉक्सांना दात असतात. वर कडक स्प्रिंग, आत थंडी अडवणारा ब्रश आणि पलीकडे एखादा कुत्रा बोटांची वाट बघत बसलेला. म्हणून शशिकांतराव मिरीकर पक्षाची पत्रकं वाटायला निघाले की कोटाच्या खिशात बायकोचा, मीनलवहिनींचा, लाकडी कालथा असे. पत्रक कालथ्यावर दुमडायचं, फटीतून आत सारायचं, बोटं शाबूत. बावीस वर्षं हा उद्योग चालला होता. वहिनी म्हणत, "माझे चार कालथे या पक्षाने खाल्ले. बदल्यात मला एकदा चहालासुद्धा बोलावलं नाही."

तसं शशिकांतरावांनाही कुणी कशाला बोलावलं नव्हतं. उमेदवारीसाठी त्यांनी दोनदा घसा खाकरून पाहिला, दोन्ही वेळा लोकांना वाटलं यांना सर्दी झालीय. पण माणूस निष्ठावंत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात गेली, त्यामुळे नियमावर फार जीव. शेजाऱ्याने कचऱ्याचा निळा डबा चुकीच्या आठवड्यात बाहेर काढला तर कौन्सिलला ईमेल जाई, तोही सहीखाली पूर्ण पत्ता घालून.

या नियमप्रिय माणसाच्या घरात एक भानगड होती, आणि ती फक्त नवरा-बायकोला माहीत होती.

भानगड म्हणजे आक्का. लीलावती हे त्यांचं नाव, शशिकांतरावांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा शशी चार वर्षांचा होता. आक्कांची शाळा सातवीत सुटली ती त्याला सांभाळायला. यजमान गेल्यावर शशिकांतरावांनी त्यांचा नागपूरचा फ्लॅट विकायला लावला आणि त्यांना कायमचं इकडे आणलं. इथे राहायच्या परवानगीला अट एकच होती: खासगी आरोग्यविमा हवा, आणि त्यात एका दिवसाचाही खंड नको. तो खंड एप्रिलात पडला. आक्कांना ऐंशी पूर्ण झाली म्हणून घरात ऐंशी दिव्यांनी औक्षण झालं, आणि त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं की ऐंशीच्या पुढचा विमा आम्ही उतरवत नाही. दुसऱ्या कंपन्यांनी शुगर आणि हृदय हे दोन शब्द ऐकले आणि फोन ठेवला. मग सरकारी पत्र आलं: विमा दाखवा, नाहीतर निघा. शशिकांतरावांनी ते पत्र मोज्यांच्या खणात तळाशी ठेवलं. आक्कांना सांगितलं नाही. आक्का खाली पोळ्या लाटत होत्या.

ऑगस्टमध्ये देवच पावला. कार्डिफमधल्या एका नर्सच्या म्हाताऱ्या वडिलांची हीच गत झाली होती. ते कोर्टात गेले आणि जिंकले. जी वस्तू बाजारात कुणी विकतच नाही ती मागणं ही अट नव्हे, हे बंद दार आहे, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि विम्याची अटच रद्द झाली. शशिकांतरावांनी ही बातमी ट्रेनमध्ये फोनवर वाचली. घरी येताना पेढे आणले. आक्कांनी विचारलं कशाचे, तर म्हणाले, "असेच गं, वाटलं म्हणून."

पेढे संपायच्या आत रान पेटलं. न्यायाधीशबाईंचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला, गुन्हेगारांचा येतो तसा. साऱ्या जगातले म्हातारे आता इथल्या हॉस्पिटलांच्या रांगेत उभे राहणार, असं रोज कुणीतरी टीव्हीवर सांगू लागलं. सरकार म्हणालं, कायदा करून निकाल पुसून टाकू. शशिकांतरावांचा पक्ष म्हणाला, सरकार फार हळू पुसतंय. त्यातच वॉर्डातले कौन्सिलर वारले आणि पोटनिवडणूक लागली.

उमेदवार ठरला अंबरीश. चौतिशीतला वकील, जन्म इथलाच, आईबाप पुण्याचे. एका शनिवारी सकाळी तो फोटोग्राफर घेऊन दारात हजर.

"काका, तुम्ही कसा आहे? मला तुमची मदत पाहिजे. तुमच्यासारखा माणूस बोलला ना, तर लोक ऐकते. आपण केलं तर ते रेसिस्ट वाटत नाही."

"म्हणजे बावीस वर्षांनी यांचा रंग कामाला आला," वहिनी म्हणाल्या.

अंबरीश हसला. त्याला निम्मं कळलं असावं. आक्का आतून शंकरपाळे घेऊन आल्या, याच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती गोड मुलगा. कुणाचा रे तू?" आणि पुन्हा तळायला आत गेल्या.

शशिकांतरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. वहिनींनी दारातून डोळे मोठे करून पाहिलं, शशिकांतरावांनी तिकडे पाहिलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं मत विचारत होतं आणि ते फोनवर टिपून घेत होतं. ते म्हणाले, आम्ही रांगेत उभे राहून आलो, आमचा भार आम्हीच उचलला.

"परफेक्ट. आणि ज्यांच्याकडे विमा नाही त्यांचं काय?"

आत झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. गप्प बसलो तर हा विचारेल की का गप्प, असं शशिकांतरावांच्या मनात आलं. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले.

अंबरीशने टाइप करून वाचून दाखवलं: आम्ही नियम पाळले. विमा नसेल तर त्यांनी परत जावं. "ओके ना काका?"

शशिकांतरावांनी मान हलवली. एवढंच. वहिनींना रात्री सांगताना म्हणाले की पत्रक कोण वाचतं, लोक ते सरळ रिसायकलिंगमध्ये टाकतात. मला ठाऊक आहे, मीच वाटतो.

पण हे पत्रक एका व्यक्तीने जपलं. आक्कांनी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण भावाचा अर्ध्या पानाचा रंगीत फोटो कळायला इंग्रजी लागत नाही. "आई असती तर," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी कोट घालून दारात उभ्या राहिल्या. "मीही येते वाटायला. घरात बसून काय करू?" नाही म्हणायला शशिकांतरावांना कारण सुचेना. मग ऐंशी वर्षांची बाई त्या चढाच्या रस्त्यावर दारोदार फिरली, आणि विमा नसलेल्यांना परत पाठवा असं सांगणारं पत्रक स्वतःच्या हाताने लोकांच्या दारांत घालत गेली. शशिकांतराव चार पावलं मागे. कालथा तिच्या हातात.

गुरुवारी ज्येष्ठांच्या मंडळात आक्कांनी वीस प्रती नेल्या. मंडळातल्या बायकांचं इंग्रजी झकास आणि कान त्याहून. रेखाताईंनी चष्मा लावून वाचलं, शेजारणीला दिलं, तिने पुढे दिलं. आक्का सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"फोटो छान आलाय हो," रेखाताई शेवटी म्हणाल्या.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. विम्याची भानगड त्यांना ठाऊक नव्हती, पण ऐंशीच्या पुढे विमा मिळत नाही हे त्या हॉलमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि आक्कांचे ऐंशी दिवे त्यांनीच मोजले होते. संध्याकाळपर्यंत हॅरोपासून वेम्बलीपर्यंत हा विषय पोचला. आक्कांपर्यंत तेवढा पोचला नाही. पण ते हसणं त्यांनी घरी आणलं.

रविवारी शशिकांतरावांची मुलगी तनू जेवायला आली. ती वॉटफर्डला फार्मसिस्ट आहे. जेवणं झाल्यावर आक्कांनी पत्रक तिच्या पुढ्यात ठेवलं.

"वाच गं. माझा भाऊ काय म्हणाला ते मला मराठीत सांग."

"आक्का, राहू दे ना," शशिकांतराव म्हणाले.

"का राहू दे? गावभर वाटलंय मी."

तनूने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिचं मराठी आडवळणं घेणारं नाही. "बाबा म्हणतात, त्यांनी सगळे रूल पाळले. जी म्हातारी लोकं इन्शुरन्स नाही, ती परत गेली पाहिजे."

"बरोबरच आहे," आक्का म्हणाल्या. मग, "माझा आहे ना रे, शशी?"

"एप्रिलात संपला, आक्का," मीनलवहिनी म्हणाल्या. "मिळत नाही आता. कोर्टामुळे तुम्ही इथे आहात. आणि हे कोर्टाच्या विरुद्ध आहे."

आक्कांनी पत्रक उलटं केलं, सुलटं केलं. "तू असं म्हणालास, का त्यांनी तुझ्या नावावर छापलं?"

"त्यांनीच छापलं," शशिकांतराव म्हणाले.

"मग जा आणि सांग त्यांना तसं. माझ्यासाठी नको. आपलं नाव आहे त्याच्यावर."

ते गेलेही. सोमवारी पक्षाच्या कचेरीत पोचले, तर आत टाळ्या झाल्या. भिंतीवर त्यांचाच फोटो, पुरुषभर उंच. अंबरीशने त्यांच्या छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल टाचलं. कुणीतरी चहा दिला, बिस्किटासकट. शशिकांतराव तिथे चाळीस मिनिटं होते आणि हवामानावर बोलले.

"सांगितलंस?" आक्कांनी विचारलं.

"सांगितलं. बघतो म्हणाला."

गुरुवारी नवा गठ्ठा दारात आला. आक्कांनीच फोडला. फोटो तोच. त्यांनी जुनं पत्रक काढून शेजारी ठेवलं आणि फोटोखालच्या ओळीवरून बोट फिरवलं, आधी एका, मग दुसऱ्या.

"अक्षरं तीच आहेत, शशी," त्या म्हणाल्या. "जरा मोठी केलीत."

त्या ओरडल्या असत्या तर शशिकांतरावांना सोपं गेलं असतं. आक्कांनी पिठाचा हात धुतला, तनूला फोन लावला आणि तिकीट काढायला सांगितलं. तनू म्हणाली, कायदा अजून झालेला नाही, वकील बघू, कार्डिफच्या लोकांना विचारू. आक्का म्हणाल्या, "सरकारशी भांडता येतं गं." पुढचं बोलल्या नाहीत. नागपूरचा फ्लॅट आता दुसऱ्याचा. दिराच्या मुलाने, सतीशने, वर्धा रोडच्या पुढे एका वृद्धाश्रमात जागा बघितली. एका खोलीत तिघी, खिडकीजवळची खाट आधीच गेलेली होती.

वहिनी नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. आक्का मात्र बोलत. जेवलास का, मफलर घे, असंच. त्याच्या लहानपणी बोलत तसं, आणि त्यापलीकडे एक शब्द नाही.

अंबरीश अडतीस मतांनी निवडून आला. शशिकांतरावांनी आपल्या रस्त्यावरची घरं मोजून पाहिली. ती चौसष्ट होती. दोन दिवसांनी अंबरीशचा फोन आला. नव्या कायद्यासाठी पक्ष देशभर पत्रक काढणार होता, वरच्या लोकांना काकांचाच फोटो हवा होता. "मंगळवारी येऊ का आम्ही?"

शशिकांतराव जिन्याच्या पायरीवर बसले होते. वर आक्का बॅग भरत होत्या, कुलूप लागत नव्हतं, आणि त्या कुणाला हाक मारत नव्हत्या.

"मंगळवारी नको," ते हळूच म्हणाले. "मंगळवारी एअरपोर्टला जायचंय." पलीकडून अंबरीश दोनदा हॅलो म्हणाला.

"बुधवारी ये."