हनुवटीखाली धरलेली चादर

आमचे भाऊजी घरात कधी एकट्याने चादरीची घडी घालायचे नाहीत. दोरीवरची चादर काढली की तिचे दोन कोपरे धरून उभे राहायचे आणि हाक मारायचे, वहिनी, या जरा. माझे हात भांड्यांत असले तरी तसेच उभे. मी म्हणायचे, अहो टाका खुर्चीवर, करते नंतर. तर म्हणायचे, चादर हे दोघांचं काम आहे, एकट्याने केली की वाकडीच होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत जायचे, म्हणजे दप्तर दारात फेकून गल्लीत पळायचे. सासूबाई लवकर गेल्या, मग त्यांचं खाणंपिणं, आजारपण सगळं माझ्याकडेच. मोठे झाल्यावर ते धुलाईच्या कारखान्यात लागले. मोठमोठ्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ट्रकने येतात. मळक्या एका दाराने आत, धुतलेल्या दुसऱ्या दाराने बाहेर. भाऊजींचं काम शेवटचं, इस्त्री आणि घडी. तिथे एक लांबलचक तापलेला रूळ असतो. दोघांनी ओली चादर ताणून रुळात सोडायची, पलीकडे दोघांनी ती गरम गरम धरायची, आणि टेबलापाशी दोघांनी घडी घालून थप्पी लावायची. सहा माणसं, तीन जोड्या. भाऊजी त्या सहातलेच एक आणि त्यांचे मुकादमही तेच.

कोणाची जोडी कोणाशी लावायची ह्यातच त्यांचं डोकं चालायचं. दोघे साडू होते, सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि घरच्या कसल्यातरी भांडणावरून एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. दुसऱ्या कोणी त्यांना लांब लांब ठेवलं असतं. भाऊजींनी दोघांना रुळापाशी समोरासमोर उभं केलं. मला म्हणाले, बोलतच नाहीत ना, मग लक्ष चादरीतच राहतं. पलीकडच्या बाजूला एक मावशी होत्या, वयाने सगळ्यात मोठ्या, बोटं आखडलेली. त्यांच्याबरोबर गाणारा दिला. ह्या माणसाला गुणगुणल्याशिवाय हात हलवताच यायचा नाही, आणि त्याच्या तालावर मावशींची बोटं बरोबर चालायची. घडीला स्वतः भाऊजी आणि एक उंच बाई. तिला सगळे खांब म्हणायचे आणि ती ओ द्यायची. मला रोज संध्याकाळी ह्या सगळ्यांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या, मी कोणाला पाहिलं नव्हतं तरी सगळे ओळखीचे.

मी चिडवायचे, सगळ्या जगाच्या जोड्या लावता, तुमची कोण लावणार. तर म्हणायचे, तुम्ही आहात ना दुसरे कोपरे धरायला.

मग कारखान्यात कामगारांची टीम बांधायला नवे साहेब आले, सगळे त्यांना टीमवाले म्हणायचे. पोरसवदा माणूस, बोलायला गोड. आल्या आल्या सगळ्यांना जेवायच्या खोलीत गोल उभं केलं आणि एकमेकांकडे चेंडू टाकायला लावला. साडूंनी एकमेकांकडे टाकलाच नाही, मावशींच्या हातून दरवेळी पडला. भाऊजी घरी येऊन पोट धरून हसले होते. पण साहेब त्यांना आवडला. म्हणाले, वाईट नाहीये पोरगा, नाव विचारतो, खाली बसून बोलतो. त्याने भिंतीवर एक फळा लावला. ज्या टेबलाचं, म्हणजे ज्या सहा जणांचं, काम वेळेत झालं त्याला हिरवा ठिपका, नाही झालं त्याला लाल. भाऊजींच्या टेबलाला हिरवेच. मग एक दिवस साहेब म्हणाला की मी उद्या दिवसभर तुमच्या टेबलाशी उभा राहणार, चांगली टीम कशी काम करते ते मला बघायचंय.

भाऊजींनी त्या रात्री पँटला इस्त्री केली. हे म्हणाले, अरे तू बघायला चाललायस की तुला बघायला येणारेत.

दुसऱ्या दिवशी खांब सकाळी आली, हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला, आणि तेवढ्यात तिला फोन आला की वडील जिन्यावरून पडले. अंगठा लावून बाहेर जाणं म्हणजे तिथे चोरी धरतात, नोकरीच जाते. आणि रजा मागायला गेली तर साहेबाच्या दिवशीच टेबल मोडलं असतं. भाऊजी तिला म्हणाले, तू मळक्या चादरींच्या दाराने जा, ड्रायव्हरला मी सांगतो, इकडचं मी बघतो.

आणि बघितलंच त्यांनी. चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबायचं, हात लांब करून दुसरं टोक उचलायचं, छातीशी आणायचं, टेबलावर आपटायचं. दिवसभर एकट्याने. बाकीच्यांनाही कळलं होतं, तेही असे धावले की विचारू नका. साडूंनी त्या दिवशी एकमेकांना पाणी दिलं म्हणे. साहेबाने मधे विचारलं, तुमची ती सहावी कुठे आहे. भाऊजी म्हणाले, ट्रॉली आणायला गेलीये. परत विचारलं, परत ट्रॉलीच.

संध्याकाळी साहेबाने टाळ्या वाजवल्या. भाऊजी घरी आले ते मान धरून, हनुवटीखाली लालभडक वळ. मी तेल लावून दिलं. तोंड मात्र फुललेलं. म्हणाले, वहिनी, कोणाला पत्ता लागला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबाने सहाही जणांना बोलावलं, चहा दिला. म्हणाला, मी दिवसभर बघितलं, तुमच्यासारखी टीम माझ्या पाहण्यात नाही. टेबलावर पाचच माणसं असतात आणि काम पूर्ण होतं. एक माणूस कायम ट्रॉली आणण्यात जातो, ट्रॉली तर कोणीही आणेल. तेव्हा वरून असं ठरलंय की टेबलाला पाच माणसं. आता कोणाला कमी करायचं ते मी ठरवणार नाही, तुम्ही टीम आहात, तुम्हीच ठरवा. शुक्रवारपर्यंत नाव द्या.

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. ताटासमोर बसून मला सगळं सांगत होते, तेव्हा मला ते कसे अडकलेत ते कळलं. खरं सांगावं की त्या दिवशी आम्ही पाचच होतो, सहावी घरी गेली होती, तर खांब जाणार, अंगठ्याच्या चोरीत. आणि सांगितलं नाही तर साहेबाचं बरोबर, मग कोणीतरी जाणारच. खांबच्या घरी वडील पडून. मावशींच्या मागे पुढे कोणी नाही. दोन साडूंपैकी एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याच्या घरात आयुष्यभर आग. गाणाऱ्याला तीन लहान पोरी.

हे म्हणाले, चिठ्ठ्या टाक. भाऊजी म्हणाले, दादा, माणसं आहेत ती.

मला विचारलं, वहिनी, तुम्ही सांगा. मी ताटातलं गरम करून आणलं परत. तेवढंच मला येत होतं.

गुरुवारी ते एकटेच साहेबाकडे गेले. म्हणाले, साहेब, तो दिवस धरू नका, तुम्ही उभे होतात म्हणून आम्ही तसे धावलो, रोज तसं होत नाही. साहेब खुश झाला. म्हणाला, तेच तर मी म्हणतोय, ठरवलं तर तुम्हाला जमतं. भाऊजी म्हणाले, चादर दोघांचं काम आहे साहेब, पाचात दोन जोड्या होतात आणि एक माणूस उरतो. साहेबाने ते ऐकून घेतलं, सगळं ऐकून घ्यायचा तो, मान डोलावून. मग म्हणाला, तुमचं मन मोठं आहे, पण नाव लागेल.

भाऊजींनी स्वतःचं नाव दिलं.

मला वाटलं होतं साहेब नको म्हणेल. मुकादमाला कोण सोडतं. पण त्याने उठून हात मिळवला, म्हणाला, ह्याला म्हणतात लीडर. सगळ्यांसमोर पुन्हा टाळ्या, एक फोटो. फोटोत भाऊजी हसतायत, ते कोणी हसा म्हटलं की हसायचे.

घरी येऊन म्हणाले, बरं झालं, पाच तर वाचले. मीही म्हटलं, बरं झालं. हे आतल्या खोलीत जाऊन बसले.

नंतर ते घरीच असायचे. कुठे कुठे विचारून यायचे, त्यांच्या वयाला कोण घेतंय. माझ्या दोरीवरच्या चादरी वाळायच्या आधीच काढायला लागले. मी हातातलं टाकून जायचे. दुसरे कोपरे धरायचे.

असेच दिवस जात होते आणि एका दुपारी दारात एक बाई उभी, चौकटीला डोकं लागेल एवढी. मी न विचारताच म्हटलं, आत या, खांब ना तुम्ही. ती हसायला गेली आणि रडायला लागली.

भाऊजी गेल्यावर साहेबाने नवीन नियम काढला होता, सगळ्यांना सगळं काम आलं पाहिजे, रोज जागा बदला. साडू वेगवेगळ्या जोडीत गेले आणि तिथून ओरडून भांडायला लागले, आधी बोलत नव्हते तेच बरं होतं. गाणारा रुळाच्या दुसऱ्या टोकाला, त्याचं गाणं कोणाला ऐकू जाईना, त्याने सोडलंच. रोज एकाला घडीला एकटं उभं राहावं लागायचं. मावशींची पाळी आली की चादरी जमिनीवर. त्या आखडलेल्या बोटांनी एकट्याने किती उचलणार. हनुवटीखाली धरायचा प्रयत्न करायच्या म्हणे, भाऊजींचं बघून. उंची कुठे तेवढी. फळ्यावर लाल ठिपके लागत गेले आणि शेवटी मावशींना सांगितलं, तुम्ही उद्यापासून येऊ नका.

खांब म्हणाली, मुकादम, माझ्यामुळे झालं हे.

भाऊजी तिला म्हणाले, तुझ्यामुळे नाही. तू जा, वडिलांना बघ.

ती गेल्यावर भाऊजी दोरीकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं, वहिनी. त्या दिवशी चादरी पडू द्यायला पाहिजे होत्या."

मी म्हटलं, असं कसं, तुम्ही चांगलंच केलंत. म्हणाले, तेच तर.

त्यानंतर त्यांनी मला चादरीसाठी हाक मारली नाही. थंडीत छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. त्यांनी दुखतंय हेच उशिरा सांगितलं, आम्ही कुठून आणणार लवकर. नर्सने पलंगावर घालायला चादर आणली, उलगडायच्या आधी भाऊजींनी तिच्या घडीवरून बोट फिरवलं. काठाला काठ लागत नव्हता. कारखान्याचा शिक्का होता त्यावर. मी बघत होते. त्यांनी बोट काढून घेतलं. नर्सला म्हणाले, घाला घाला.

त्याच पलंगावर गेले.

पाचही जण आले होते घरी. त्यांत मावशीही. बाहेरून गाणाऱ्याची गुणगुण ऐकू आली मला, शब्द नव्हते, नुसता ताल.

आता सगळे आपापल्या घरी गेलेत. काल मी भाऊजींची चादर धुतली, वाळली, काढली. ह्यांना हाक मारणार होते, पण हे तिकडे तोंड करून पडले होते, उठवावंसं वाटलं नाही. मग एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि हात लांब केले. माझे हात पुरत नाहीत. खालचा काठ जमिनीवर लोळला. परत केली, परत तसंच. दोन कोपरे धरून मी तशीच उभी राहिले थोडा वेळ, ते राहायचे तशी.