हिरवी टिकली

सात वर्षं हे पोटात आहे. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही मी हा भाग गाळूनच बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या घरात एक सिंथेसायझर आहे. नवरा भजनी मंडळात वाजवतो, हैदराबादहून जुनाच आणलेला. त्याच्यावर चादर, आणि चादरीवर हुकूम — बाईमाणसानं हात लावायचा नाही. का? भाकरी थापणाऱ्या हातातून काय वीज सुटते?

दुपारी सगळे शेतावर गेले की मी दार लावून चादर काढायची. मला सूर कळत नव्हते. पण पट्ट्यांच्या फटीत काडेपेटीच्या काड्या खोचल्या की पट्ट्या दबून राहतात, आवाज थांबत नाही, दोन्ही हात मोकळे होतात — हे मला कुणी शिकवलं नाही. मग खुंट्या हळूहळू फिरवायच्या. एकदा विहिरीवरची मोटर पाणी ओढण्याआधी घुमते तसा आवाज निघाला, आणि त्याच्या आतून पारवा बोलावा तसा दुसरा. अंगावर काटा आला. हे मी केलं? चौथी शिकलेल्या मी?

तो हरवू नये म्हणून नवरा करतो तसं लाल बटण दाबून धरलं, मग रांगेतलं पहिलं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काही आलं. मला कुठलं वाचता येतंय? खूण म्हणून त्या बटणाखाली हिरवी टिकली लावली. मी कुंकू लावते. टिकली जावेच्या पाकिटातली होती.

जाऊ म्हणजे रेखा. हळ्ळीखेडची, कन्नड बोलत वाढलेली, पण अभंग असा म्हणायची की मंडळातल्या बाप्यांनी तिला आपण होऊन बोलावलं. मंडळात बाई ती एकटीच.

दुसऱ्याच दिवशी मंठाळच्या सप्त्यात रेखा गायला उभी राहिली. नवऱ्यानं पहिलं बटण दाबलं — तिथं हार्मोनियम असायची — पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि माझी मोटर घुमली. "अरे बंद करा, हौद भरला!" कोणी तरी ओरडलं. लोक पोट धरून हसले. रेखाचा सूर घशातच राहिला.

घरी येऊन नवऱ्यानं टिकली नखानं खरवडली.

"ही कुणाची?"

"माझीच हाय भावजी, पण मी हात बी लावले न्हाई."

"मग काय उडत गेली? कामून खोटं बोलायलीस?"

ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुमी तर दिवसभर घरात असता. सांगा की."

मी पीठ मळत होते. मी म्हणाले, "मला काय ठाव बाई? जिथं तिथं टिकल्या चिकटवायची सवय तुझीच हाय."

हे मी बोलले. मान वर न करता.

मंडळानं तिचं गाणं बंद केलं. "बाई घेतली की असंच व्हतंय," म्हणाले. आणि तोच आवाज — ज्याच्यापायी तिला घरी बसवलं तोच — नवरा आता प्रत्येक भजनाआधी डोळे मिटून सोडतो. हसलेलेच लोक माना डोलावतात. "कुठनं काढलाव अण्णा, हा आवाज?" तर म्हणतो, साधना लागते. साधना! माझं रक्त उकळतं. ओरडावंसं वाटतं — चोर, तो माझा आहे! पण कुठल्या तोंडानं? त्यानं माझा आवाज चोरला. मी तर बाईचा गळाच नेला.

भीतीनं तसं बोलले, असं म्हणायची सोय नाही. नवरा चार शिव्या देऊन जेवायला बसला असता. खरं हे, की ती उभी राहून गायची आणि मी दार लावून वाजवायची. ते मला सलत होतं.

रेखा आता टिकली लावत नाही. माझ्याच करंड्यातलं कुंकू लावते.

काल ओसरीत सराव चालला होता. तो आवाज सुरू झाला तशी ती तूर निवडता निवडता थांबली.

"ह्यानंच माझं गाणं गिळलं," म्हणाली. "पण लई गोड हाय. न्हाई, अक्का?"

मी "व्हय" म्हणाले, आणि सूप पुढे ओढलं.