पालनी ऐच्छिक, नाच सक्तीचा

"घासा रे त्याला. भांडं घासतात तसं घासा."

हे आश्रमशाळेचे अधीक्षक बोलले. नळापाशी खुर्ची टाकून बसले होते. मी चौथीत. अंगावर चड्डी सोडून काही नाही. छातीवर, पाठीवर, पायांवर राखेचे नि तांदळाच्या पिठाचे ठिपके. शिपायाच्या हातात भांडी घासायचा काथ्या. समोर सगळी शाळा रांगेत उभी.

मी काठी गावच्या होळीवरून आलो होतो. आमच्याकडे असा ठिपक्यांचा नाच कुणीही उठून नाचत नाही. घरात कुणावर संकट आलं की नवस बोलतात आणि ज्याने नवस घेतला तो पालनी पाळतो. जमिनीवर झोपायचं. खाटेवर बसायचं नाही, पायात घालायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही. मग अंगभर ठिपके, कमरेला सुके भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. एका गावची होळी झाली की पुढच्या गावी नाचायला. शेवटी नदीवर जाऊन पालनी सोडायची. तोवर पाणी नाही म्हणजे नाही.

माझी याहा, माझी आई, आजारी होती. खोकल्यातून रक्त पडायचं. तिच्यासाठी मी पालनी धरली होती. मधेच परीक्षा आली म्हणून बा मला शाळेत सोडून गेला. पेपर झाला की परत न्यायला येणार होता.

मी अधीक्षकांना सांगितलं. माझ्या भाषेत सांगितलं, कारण भीतीने मराठी तोंडातून निघेना. ते म्हणाले, "माणसासारखं बोल. आणि ऐक, इथं आंघोळ सक्तीची आहे."

घासलं. कातडी सोलून निघाली तरी घासलं. पोरं हसत होती. त्यातली निम्मी माझ्याच डोंगरातली. हसली नसती तर त्यांची पाळी आली असती. मी रडलो नाही. ठिपके पाण्याबरोबर मोरीत चालले होते, तेवढंच बघत राहिलो.

याहा त्या पावसाळ्यात गेली. टीबीने गेली, हे आज मला ठाऊक आहे. पण कैक वर्षं मी मनात धरून होतो की मी आंघोळ केली म्हणून ती मेली. एवढं ओझं त्या माणसाने एका पोराच्या डोक्यावर ठेवलं आणि वर चहा प्यायला. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मी शिकलो. मास्तर झालो. तोरणमाळकडच्या एका पाड्यावर शाळा चालवतो.

या हिवाळ्यात नंदुरबारला बैठक लागली. देशाचा नवा अभ्यासक्रम येतोय, त्यात काय सक्तीचं असावं यावर शिक्षकांचं मत घ्यायचं होतं. मत! आम्हाला आजवर कोणी वेळ विचारली नाही, मत कुठलं? पण हुरूप आला. पहिली-दुसरीच्या पोरांना घरच्या भाषेत शिकवणं सक्तीचं करा, एवढंच सांगायचं, असं घोळवत घाट उतरलो.

पुढच्या रांगेत बाहेरून आलेले तज्ज्ञ, अधिकारी, शहरातल्या शाळांचे शेठ लोक. आम्ही डोंगरातले मास्तर मागे, भिंतीला. माझी पाळी आली. मी घरच्या भाषेचं बोललो. तज्ज्ञ बाई गोड हसल्या.

"छान मुद्दा. ते ऐच्छिकमध्ये बघू. तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट आणलीय. तुमचं होळीनृत्य डोंगरातल्या प्रत्येक शाळेत सक्तीचं होणार. त्याला गुण असतील. पाहणी पथक लवकरच येतंय, पहिला प्रयोग तुमच्याच शाळेत!"

टाळ्या. मी उभाच होतो.

"मॅडम, पालनी कोणी पाळायची?"

"म्हणजे?"

सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "मग असं करू. पालनी ऐच्छिक, नाच सक्तीचा."

हॉल हसला. माझ्या छातीची कातडी चुरचुरली. खरंच चुरचुरली. हेच लोक. तेव्हा पुसून टाकायला बसले होते, आता हुकूम सोडून नाचवायला बसलेत. उंटावरून शेळ्या हाकणारे!

मी विचारलं, "आणि शहरातल्या शाळांना काय नाचायची सक्ती आहे?"

पुढचे एक शेठ मागे वळले. वाईट माणूस नसावा, सरळ बोलून गेला. "गुरुजी, आमच्याकडे असं काही करायचं तर पालकांना विचारावं लागतं."

"मग आमच्या पालकांना कोण विचारणार?"

अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "बसा गुरुजी. तुमच्या शाळेचा पट कमीच आहे, नाही का?"

बस, एवढंच. त्यानंतर माझं नाव कोणी घेतलं नाही.

बाहेर केंद्रप्रमुखांनी गाठलं. कोरीटकडचे, शेतीवाडीवाले, मनाने चांगले. कानाशी येऊन अहिराणीत म्हणाले, "गुरुजी, मन्हं ऐका. साहेब तापेल शेतस. एक नाच तं शे, करी टाका." बैठकीतून उतरताना ज्या मास्तरांनी 'बरं बोललात' म्हणत जिन्यात माझा हात दाबला होता, त्यांनी संध्याकाळी मी शिक्षकांच्या ग्रुपवर हेच लिहिलं तेव्हा साधी अंगठ्याची खूणही टाकली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्यांनाही आणि मलाही. नंतर माझे फोन कोणी उचलेना.

काल शनिवारी जीप वर आली. खोकी उतरवली. प्लास्टिकचे भोपळे, रंगाच्या ट्यूबा, नायलॉनची मोरपिसं. ड्रायव्हर म्हणाला, "सोमवारी सकाळी पोरं रंगवून तयार ठेवा. पाहणी पथकासोबत एक दुसरे सर येतील."

"ते कशाला?"

"तुम्ही नाही म्हटलं तर चार्ज घ्यायला." त्याने माझ्याकडे न बघता गाडी वळवली.

पोरं खोक्यांभोवती जमली. कोणी हात लावेना. तिसरीतली एक पोर तिच्या भाषेत म्हणाली, "गुरुजी, कोणासाठी नाचायचं?"

"साहेब येणार आहेत."

"साहेब आजारी आहेत?"

पोरगी खरंच काळजीने विचारत होती.

मी खोकी बंद केली. आज दिवसभर पाड्यावर घरोघर फिरलो. पालकांना विचारावं लागतं ना? विचारलं. चुलीपाशी विचारलं, शेताच्या बांधावर विचारलं. शाळा बंद पडू शकते, मी जाऊ शकतो, हेही सांगितलं, काही लपवलं नाही. भीती सगळ्यांच्या तोंडावर दिसली. एक बाप म्हणाला, "पोर शिकलं पाहिजे गुरुजी. पण नवस नसताना ते अंगाला रंग लावणार नाही." एकाही घराने हो म्हटलं नाही.

उद्या सोमवार. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? घरी बायको आहे, पोरं आहेत, पगार एकच आहे. पण आता नळापाशी मी एकटा उभा नाही.

जीप येईल तेव्हा मी भागाकार शिकवत असेन. माझ्या पोरांच्या भाषेत शिकवत असेन. चार्ज घ्यायचा त्याने घ्यावा, पट मोजायचा त्याने मोजावा, दार उघडंच आहे. पोरं नाचणार नाहीत.