ताईंनी बसवलेली चेन

चेन बसवून झाली की ताई बॅग तीनदा उघडायच्या, तीनदा मिटायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात देत म्हणायच्या, "घे. आता आतलं आतच राहील."

घाटकोपर पश्चिमेला स्टेशनजवळ तुम्ही कधी बॅग दुरुस्त केली असेल, तर त्या तुम्हीही पाहिल्या असतील. लोखंडी पेटीवर बसलेल्या, दोघींची जागा एकटीने भरलेल्या. तीन स्टुलं मोडली म्हणून पेटी. हे त्या स्वतःच सांगून टाकायच्या, कोणी विचारायच्या आत. रिक्षावाला त्यांना बघून न थांबता निघाला की मागून ओरडायच्या, "अरे, मीटर काय माझं वजन बघून पळतो का?"

मी उदगीरकडची, सातवी पास. मुंबईत काम मिळालं ते सॅम्पल पोचवायचं. एका हॉस्पिटलातून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, बर्फाच्या बॅगेत ठेवायच्या आणि मेट्रोने अंधेरीच्या लॅबमध्ये द्यायच्या. दुसऱ्याच दिवशी बॅगेची चेन तुटली. भर रस्त्यात रडत उभी होते.

"ए, रडून चेन लागत नाही. इकडे आण," पेटीवरून आवाज आला. "गाव कुठलं?"

सांगितलं. तेव्हापासून माझं नावच उदगीर पडलं.

पुढे माझा दुपारचा डबा त्यांच्या पेटीशेजारीच उघडायचा. सॅम्पलच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असत. मला वाचता येत नव्हत्या, हे मी हॉस्पिटलात सांगितलं नव्हतं. ताईंनी एकेक अक्षर बोट ठेवून शिकवलं. चुकले की म्हणायच्या, "नीट बघ गं, उदगीर. कोणाची तरी वाट लावशील." माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे. हे मी कुठेही सांगेन.

मग ताईंनी वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं, पोट लहान करायचं. त्यांची आई पन्नाशीत गेली होती, मोठी बहीण त्याही आधी. दोघी अशाच अंगाच्या. आता ताईंची वीस वर्षांची लेक कॉलेज सोडून घरी बसली होती. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "आपलं घराणंच असं आहे, आई. पैसे घालवू नकोस."

मी नेमकी सॅम्पल घ्यायला गेले होते, तेव्हा डॉक्टर ताईंना समजावत होते. फार लठ्ठपणा असला की शरीरातल्या पेशी वयाच्या आधी म्हाताऱ्या होतात, असं दिसतंय. वजन उतरल्यावर ते थांबतं का, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी एकदा रक्त द्यायचं आणि वर्षाने पुन्हा एकदा.

"म्हणजे माझं वरचं वय त्रेचाळीस. आणि आतलं?" ताईंनी विचारलं.

"तेच तर बघायचंय. पण यावरून उपचार ठरत नाहीत हां."

"नका ठरवू. मला फक्त कागद द्या. आधी किती, नंतर किती. पोरीला दाखवीन. घराणं बदलतं म्हणून."

ऑपरेशनच्या सकाळी नऊला त्यांचं रक्त काढलं. दोन तासांच्या आत ते लॅबमध्ये पोचायला हवं होतं. मी बॅग खांद्याला लावली, तर ताईंनी माझी ओढणी धरली. आधीच्या पेशंटचं ऑपरेशन लांबलं होतं. लेक आली नव्हती. तीन स्टुलांचा विनोद करणारी बाई पांढरी पडली होती.

"मला आत नेईपर्यंत थांब गं, उदगीर."

मी थांबले. बॅग पलंगाखाली सरकवली. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर. दहा वाजले. अकरा वाजले. सव्वाअकराला नर्स आली. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, "सिस्टर, उशीर झाला, पुन्हा रक्त काढा." ताई समोरच होत्या, हात समोरच होता. दोन मिनिटांचं काम. पण या कामावर माझ्या आधी असलेल्या बाईला उशिरापायीच काढून टाकलं होतं. मी ताईंचा हात सोडला आणि बाजूला झाले. ताईंना आत नेलं.

बॅग उघडली तर बर्फाचं पाणी झालेलं. खाली रसाच्या गाडीवरून बर्फ मागून घेतला आणि वर टाकला. लॅबच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "किती वाजता काढलं?"

"अकरा," मी म्हटलं. त्याने अकरा लिहिलं.

ताई वर्षभर उतरत गेल्या. सुरुवातीला वाटीभर पेज खायला अर्धा तास लागायचा. केस गळले, पुन्हा आले. एक दिवस त्यांनी शेजाऱ्याचं स्टूल मागून घेतलं, त्यावर बसल्या आणि आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. स्टूल मोडलं नाही. "झकास!" ताई म्हणाल्या. रोज मला विचारायच्या, "कागद कधी येईल गं?" मी डबा मिटून उठायचे.

वर्षाने दुसरं रक्त दिलं. मग डॉक्टरांनी बोलावलं. मी दारात बॅग घेऊन उभी होते.

"तब्येत उत्तम आहे तुमची. पण पहिलं सॅम्पल खराब निघालं. तुलना नाही करता येणार."

ताई उठल्या. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तू निघालीस तेव्हा किती वाजले होते गं?"

"मी लगेच गेले होते, ताई. तुम्हाला गुंगी होती, आठवत नसेल."

गुंगीचं इंजेक्शन आत नेल्यावर देतात. त्यांना ते ठाऊक होतं, मलाही.

"असेल," ताई म्हणाल्या. माझ्या खांद्यावरची बॅग त्यांनी पुढे ओढली, चेन तीनदा उघडली, तीनदा मिटली आणि नुसतीच परत केली.

आता त्या बोरीवलीला बॅगांच्या एका मोठ्या दुकानात असतात. दिवसभर उभ्याने काम, दोन जिने चढून वर. बोरीवली काही परदेश नाही. पण मी गेले नाही.

परवा चेन पुन्हा अडकली. दुसऱ्या कोणाकडे द्यायला मन होईना, म्हणून जुन्या जागी गेले. लेक बसली होती. पेटीवर.

"तूच ना उदगीर?" तिने बॅग घेता घेता ओळखलं. "आई सांगते तुझं. मी गेले नव्हते त्या दिवशी. तू थांबली होतीस म्हणे, शेवटपर्यंत."

"आणखी काय सांगते?"

"एवढंच."

सांगायला मी तोंड उघडलं होतं. ती वाकून चेनला मेण लावत होती, तेवढ्याने तिला धाप लागली होती.

"हो," मी म्हटलं. "थांबले होते."

तिने चेन एकदाच ओढून पाहिली आणि बॅग माझ्या हातात दिली.