शेवटच्या ओळीखालची सही

रावेतच्या बाजारात मी मेथी निवडत होतो, तेवढ्यात दिलीपरावांचा फोन आला. सुनंदाताईंचे यजमान. रविवार होता, मला वाटलं जेवायला बोलावतायत. "समीर, सुनंदा गेली रे. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच..." पुढं त्यांना बोलवेना. मी भाजीवाल्याला म्हणालो, "कोथिंबीर पण द्या." डोकं सुन्न झालं की माणूस काहीही बोलतो. त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालंय. आता ताई आठवल्या की बहुतेक वेळा हसूच येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तळवड्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. ताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दिघीहून स्कूटरवर यायच्या आणि तोंडाचा स्कार्फ सोडता सोडताच माझ्या स्क्रीनकडे बघून विचारायच्या, "हे काय करून ठेवलंयस?" गुड मॉर्निंग वगैरे नंतर. माझा स्वभाव उतावळा. अब्बांचं चिंचवडला गॅरेज आहे. ते म्हणतात, हा पोरगा बोल्ट अर्धा फिरवूनच पाना खाली ठेवतो. ताईंना हे वाक्य भारी आवडलं होतं. दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायच्या.

चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही शिफ्टच्या नोंदींचं अ‍ॅप करत होतो. जाणाऱ्यानं मशीनबद्दल लिहून ठेवायचं, येणाऱ्यानं वाचून 'वाचलं' हे बटण दाबायचं. नोंदींची यादी लांबच लांब. फोन ती सगळी एकदम मांडत नाही. दिसतील तेवढ्याच नोंदी मांडतो आणि बाकीच्यांना किती जागा लागेल ते आधीच धरून चालतो. मी सोपी वाट काढली. प्रत्येक नोंदीला तीन ओळींची जागा, पुढचा मजकूर कापायचा आणि तीन टिंबं द्यायची. यादी अशी झरझर सरकायची की मी स्वतःवरच खूश!

ताईंनी कारखान्यातली एक जुनी नोंद त्यात टाकून बघितली. प्रेस नंबर चार, तेल बदललं, बेल्ट सैल आहे, आवाज येतोय... आणि टिंबं.

"पुढं काय लिहिलंय?"

"टॅप केलं की उघडतं ना, ताई."

"आणि न उघडता 'वाचलं' दाबता येतं?"

"येतं..."

त्यांनी नोंद उघडून माझ्यापुढं धरली. शेवटची ओळ होती, 'गार्ड काढून ठेवलंय, हात आत घालू नये.'

एवढं बघूनही मी वाद घातला, एवढा मी निर्लज्ज. सोमवारी काम द्यायचं होतं ना! "करतील की टॅप, लहान पोरं आहेत का ती?" ताई चिडल्या, पण आवाज चढवला नाही. "आमचे आबा पिंपरीत प्रेसवर होते. रजिस्टरमध्ये पुढच्या शिफ्टवाल्याची सही शेवटच्या ओळीला चिकटूनच घ्यायचे. वर नाही, बाजूला नाही. कुणी केलीच तर खोडायला लावायचे. सहीसाठी बोट तिथवर गेलं की डोळाही जातो, म्हणायचे. तू तर माणसाची सही आधीच घेऊन टाकतोयस. कुणाचा तरी हात जाईल रे समीर." मी फणकाऱ्यानं खाली टपरीवर गेलो. दुसरा चहा संपेस्तोवर कळलं होतं, त्यांचंच बरोबर आहे.

मग ठरलं, ज्याची नोंद जेवढी, तेवढीच तिला जागा, आणि बटण थेट शेवटच्या ओळीखाली. बोलायला काय जातं! नोंद मांडल्याशिवाय तिची उंची कळत नाही, आणि सगळ्या मांडायला गेलं तर फोनला धाप लागते. म्हणून आधी अंदाज धरायचा आणि नोंद समोर आली की खरी उंची मोजायची. पण वरच्या नोंदीचा अंदाज दुरुस्त झाला की खालचं सगळं ढकललं जायचं, वाचता वाचता ओळ पळायची. "आता थोडं हलणारच," मी म्हणालो. "वाचणाऱ्याच्या बोटाखालची ओळ हलता कामा नये," ताई म्हणाल्या. "वरचं जेवढं वाढलं, तेवढी यादी आपण सरकवायची. त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही." सोमवार हुकला. कुणी विचारलं नव्हतं तरी त्यांनीच कारखान्यात फोन करून सांगितलं, "उशीर माझ्यामुळं झालाय." मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. वर दुपारी त्यांनी डब्यातली सुकटीची चटणी मलाच जास्त वाढली.

गेल्या आठवड्यात त्याच कारखान्यातून फोन आला. बबनराव म्हणून नवे ऑपरेटर आलेत, जाड चष्म्याचे, त्यांनी फोनवरची अक्षरं खूप मोठी केलीत, जरा बघून जा. एकदा मोजलेल्या उंच्या आम्ही साठवून ठेवतो. अक्षरं मोठी झाली की ती सगळी मापं खोटी, म्हणजे शेवटची ओळ परत कापली जाणार! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी काढली आणि थेट चाकण गाठलं.

बबनराव प्रेसपाशी स्टुलावर बसले होते. मशीन बंद. "केवढं लिवलंय राव ह्यानं, पोथीच हाय!" म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. नोंद पूर्ण दिसत होती, मोठ्ठ्या अक्षरांत, खालपर्यंत. शेवटची ओळ, 'प्रेसचं डावं बटण चिकटतंय, साहेब बघेपर्यंत चालवू नये.'

"हे वाचून थांबलात?"

"व्हय. न्हाईतर चालूच करनार हुतो की."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. अक्षरांचा आकार बदलला की जुनी मापं टाकून सगळं पुन्हा मोजायचं, अशी भर अ‍ॅपच्या कोडमध्ये कुणीतरी आधीच घातली होती. भरीपुढं नाव सुनंदाताईंचं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. "अहो ताई, सांगायचं तरी!" मी मोठ्यानं म्हणालो, आणि डोळे भरून आले.

"कोन ताई?" बबनरावांनी विचारलं.

"हे ज्यांनी केलं, त्या."

"मग त्यास्नी आमचा नमस्कार सांगा," बबनराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

मी म्हणालो, "सांगतो."