एक स्टो, एक कुटुंब

आमच्या मदत गोदामाच्या ट्रकचा ड्रायव्हर सगळ्यांचाच मामा होता. बावीस वर्षं त्याने सिमेंट वाहिलं. युद्ध पेटलं, बांधकामं थांबली आणि तो आमच्याकडे आला. गावं सोडून आलेली कुटुंबं शाळेच्या इमारतीत राहत. दर पाच तारखेला मामा तिथे शिधा पोचवी. पिशव्या स्वतः जिना चढवून देई, वर एखादा सल्लाही.

वरच्या एका वर्गात तीन भाऊ, तीन जावा आणि मुलं, मिळून तेरा माणसं होती. स्टो तीन, शिध्याच्या पिशव्याही तीन.

"मामा, रॉकेल वीस तारखेलाच संपतं," थोरली म्हणाली.

"मग तीन-तीन स्टो कशाला पेटवता? एकावरच करा सगळ्यांचं. भांडत नाही ना?"

"भांडायला अंगात जोर लागतो, मामा," धाकटी हसली.

दोन स्टो बाकाखाली गेले. रॉकेल महिनाभर पुरलं.

मग कुटुंबांची मोजणी झाली. कारकुनाने पेटलेला एक स्टो पाहिला आणि एक कुटुंब लिहिलं. नव्या यादीत तेरा माणसांना एकच पिशवी आली.

मामा तडक गोदामाच्या साहेबांकडे गेला. "माझ्या सांगण्यावरून केलं त्यांनी, साहेब."

"नियम स्पष्ट आहे. एक स्टो, एक कुटुंब. दुरुस्ती पुढच्या मोजणीला, तीन महिन्यांनी."

"तोवर काय खायचं त्यांनी?"

"मामा, तुम्ही ट्रक चालवा."

मामाने घरचं पीठ नेऊन दिलं. तेरा तोंडांत ते कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या महिन्यात धाकटा भाऊ बायको आणि दोन मुलांना घेऊन गावी परतला. तिथे अजून तोफा धडाडत होत्या, पण मातीत बटाटे तरी होते. थोरलीने खूप अडवलं. तो ऐकेना.

पुढच्या मोजणीच्या दिवशी उरलेल्या दोन्ही जावांनी सकाळपासून आपापला स्टो पेटवून ठेवला. वर नुसतं पाणी उकळत होतं. कारकुनाने दोन कुटुंबं लिहिली.

"बघा मामा," साहेब म्हणाले, "आता यादी अचूक आहे."

पाच तारखेला मामाने दोन पिशव्या वर चढवल्या. थोरलीने एक उघडली, त्यातलं थोडं पीठ आणि डाळ फडक्यात बांधली आणि गाठोडं त्याच्यापुढे धरलं.

"धाकटीला पोचवाल?"

"तिकडे आपला ट्रक जात नाही, ताई."

तिने गाठोडं मागे घेतलं नाही.