हौसाकाकूंच्या ज्वारीचं अनुदान

देवघरात निर्माल्य साठतं ना, तसे आमच्या सोमवारच्या स्तोत्रमंडळात किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. त्यातले निम्मे हौसाकाकूंचे. पुण्यात धायरीला आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, तीन टॉवरच्या मध्ये, त्यांचा ज्वारीचा तुकडा आहे. यंदा त्यांच्या दत्ताने बजावलं होतं, "आई, खर्च निघाला तर ठीक. नाहीतर जमीन बिल्डरला."

*

पेरणीनंतर पिकाचा फोटो सरकारी ॲपवर टाकावा लागतो, आणि तोही शेतात उभं राहून. मोबाईल माझा, म्हणून मी गेले. काकू म्हणाल्या, "थांबा जरा." घरात जाऊन करंडा घेऊन आल्या आणि ज्वारीच्या पहिल्या ताटाला हळदकुंकू लावलं.

"आता काढा. सरकारात जायचाय फोटू, तसाच कसा धाडायचा?"

*

मग अनुदानाच्या नोंदणीसाठी सेवा केंद्रावर चेहऱ्याची ओळख पटवायची होती. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटा."

काकूंनी मिटले आणि हात जोडले. ओठ हलायला लागले. मागे रांग वाढत होती.

"आजी, उघडायचेही असतात."

"एकदा मिटले की लवकर उघडत न्हाईत बाबा. सवय न्हाय."

चौथ्या वेळी ओळख पटली. तोवर रांगेतल्या दोघी काकूंच्या पाया पडून गेल्या होत्या.

*

आमच्या मंडळातल्या कुलकर्णीवहिनी मूळच्या नारायण पेठेतल्या. त्यांना हे ऐकवलं तर म्हणाल्या, "शहरात शेतीचं अनुदान? मग मीही पार्किंगमध्ये भात लावते."

हे काकूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी वहिनींकडे डबाभर हुरडा पोचला, सोबत लसणाची चटणी. डबा परत आला तो साखरभाताने भरून. वर निरोप, "पार्किंगचा विचार रद्द."

*

आणि कापणीच्या तोंडावर अवकाळी आला. एकाच दुपारी ज्वारी आडवी. आता खर्च निघायचा तर नुकसानीच्या अनुदानातूनच. मी घाबरून काकूंसाठी सोळा सोमवार बोलले. त्यांना सांगितलं तर हसल्या.

"सोमवार करा की. पण त्याला सरकारी कामाला नका जुंपू. त्याच्यामागं काय कमी कामं हायेत?"

*

पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले. माणूस चांगला. चिखलातून सगळा तुकडा फिरले. नियम असा, की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पीक गेलं असेल तरच अनुदान. भाऊसाहेबांनी हिशेब केला. म्हणाले, "बसतंय काकू, थोडक्यात बसतंय."

दत्ताने सुस्कारा सोडला. मी मनात महादेवाला हात जोडले.

काकू म्हणाल्या, "ती कडंची पट्टी धरली का?"

"धरली ना. एक दाणा नाही तिथे."

"ती धरू नका. ती पाखरांची. दरसाल त्यांना सोडते. पाऊस यायच्या आधीच खाऊन गेली ती."

भाऊसाहेब थांबले. "काकू, ती सोडली तर नियमात बसत नाही."

"नसंल बसत."

"अहो, पट्टीही आडवीच पडली आहे. पावसात गेली असं लिहिलं तर कोण विचारणार आहे?"

"कुणी न्हाय," काकू म्हणाल्या. "पण दिलेलं गेलं म्हणून कसं सांगायचं?"

भाऊसाहेबांनी पट्टी वगळली, काकूंचा अंगठा घेतला आणि मान खाली घालून निघाले. मला रडू यायला लागलं होतं. दत्ता बांधावर उभा राहून त्या रिकाम्या कणसांकडे बघत होता.

भाऊसाहेब गाडीला किक मारणार, तेवढ्यात त्याने हाक मारली.

"भाऊसाहेब, ज्वारीचं बी हल्ली कुठलं चांगलं येतं?"